काही काळ बाजूला: नाशिकच्या डोंगरांतला एकांत आणि त्याचा हिशेब

रोजचा कामधंदा, नाती आणि नेमधर्म यांतून काही काळ बाजूला व्हायचे आणि त्याच सगळ्याकडे थोड्या अंतरावरून पाहायचे, ही रीत नाशिक परिसरात दोन हजार वर्षे चालत आली आहे. तिच्या खुणा डोंगरातल्या शिलालेखांत आहेत, वारकऱ्यांच्या आठवणीत आहेत, तुरुंगात लिहिल्या गेलेल्या एका पुस्तकात आहेत. इगतपुरीच्या शिबिरांत ती आजही पाळली जाते. एकांत म्हणजे संसाराला कंटाळून पाठ फिरवणे, असा समज सर्वत्र आढळतो. नाशिकचा पुरावा वेगळे सांगतो. इथे बाजूला होण्याला बहुधा मुदत होती, काटेकोर नियम होते, बाजूला झालेल्या माणसाला जेवू घालणारे कोणीतरी होते आणि मुदत सरल्यावर माणसांत परत येणे गृहीत होते. हे सारे जिथे जुळून आले, तिथे आयुष्याकडे आणि श्रद्धेकडे पाहण्याची दृष्टी खरोखर बदललेली दिसते. ती कोणत्या दिशेने बदलेल, हे मात्र आधी कोणालाच ठरवता आलेले नाही.

सर्वांत जुना लेखी पुरावा त्रिरश्मी लेण्यांचा. शहराच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या डोंगरात ही २४ लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पण ती कोरली गेली बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी. वर्षाचे बहुतेक महिने भिक्षू फिरतीवर असत. पावसाळ्यात वाटा बुजतात, नद्या फुगतात, कोवळी रोपे आणि जीवजंतू पायाखाली येतात. म्हणून आषाढी पौर्णिमेनंतरचे तीन महिने एकाच जागी राहण्याचा नियम होता. हाच वर्षावास. त्याच्या शेवटी, आश्विन पौर्णिमेच्या सुमारास, पवारणा नावाचा विधी होई. प्रत्येक भिक्षू सोबत राहिलेल्या इतरांना विनंती करी, की या काळात माझ्या वागण्यात काही दोष दिसला, ऐकू आला किंवा त्याची शंका आली असेल तर तो सांगावा. तीन महिने आत पाहिल्यावर शेवटी इतरांच्या डोळ्यांनी स्वतःला पाहायचे, ही या विधीमागची समज आजच्या कोणत्याही आत्मपरीक्षणापेक्षा पुढची वाटते. एकट्याने केलेल्या चिंतनात माणूस स्वतःचीच समजूत काढू शकतो. पवारणा ती पळवाट बंद करते.

या एकांताचा खर्च कोण करी, हे दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात कोरलेले आहे. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने हे लेणे संघाला दिले आणि त्यासोबत ३००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायम ठेव ठेवली. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतवली होती: २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ व्याजाने, १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीही परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, मिळायचे. हिशेब तंतोतंत बसतो, कारण २००० वर शेकडा १ प्रमाणे महिन्याचे २०, वर्षाचे २४० आणि २० जणांना १२ प्रमाणे तेवढेच. म्हणजे डोंगरात वीस माणसे शांत बसू शकत होती, कारण खाली गोवर्धनात हातमाग चालू होते. त्याच उषवदाताच्या लेखात ब्राह्मणांना दिलेल्या गायींचा आणि गावांचाही उल्लेख आहे. दान देताना पंथाची भिंत त्याला आड आलेली नाही.

शेजारच्या तिसऱ्या लेण्यातला एक लेख याहून बोलका आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी आणि त्याची आई यांच्या नावाने गोवर्धनच्या अमात्याला दिलेला हा आदेश आहे. त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गावही ओस पडले आहे, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या जमिनीतून १०० निवर्तने द्यावीत, असे त्यात म्हटले आहे. कागदावरचे दान पोटात जात नाही, हे राजाने ओळखले होते. भिक्षूंच्या एकांताची काळजी महसूल खात्यापर्यंत पोचली होती, हे या लेखाचे महत्त्व.

मध्ययुगात हीच परंपरा त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर कथेच्या रूपात भेटते. संन्यास सोडून पुन्हा गृहस्थाश्रमात आल्यामुळे विठ्ठलपंतांच्या कुटुंबाला वाळीत टाकले गेले होते. ते कुटुंब ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असताना वाघ समोर आला, पळापळीत थोरला मुलगा निवृत्ती चुकला आणि एका गुहेत शिरला. तिथे त्याला गहिनीनाथ भेटले आणि नाथपंथाची दीक्षा मिळाली, असे परंपरा सांगते. या कथेत एकांत ठरवून घेतलेला नाही, भीतीने घडलेला आहे. पण गुहेतून बाहेर आलेला निवृत्ती तिथेच थांबला नाही. त्याने धाकट्या भावाला, ज्ञानेश्वरांना, आपले शिष्य केले आणि पुढचा सगळा मराठी भक्तिविचार त्या एका परतण्यातून वाहिला. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरला आहे आणि पौष वद्य एकादशीला तिथे मोठी यात्रा भरते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला निघणारी गर्दी याच वाटेने जाते.

समर्थ रामदासांचा एकांत नाशिक शहराच्या उंबरठ्यावरचा. जांबचा नारायण, म्हणजे पुढचे रामदास, लग्नाच्या बोहल्यावरून निघून नाशिकला आला आणि टाकळी येथे, नंदिनी आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ, १६२० ते १६३२ अशी बारा वर्षे राहिला. सकाळी नदीच्या पाण्यात उभे राहून जप, दुपारी पंचवटीत माधुकरी, उरलेल्या वेळात वाचन, असा त्यांचा दिनक्रम परंपरेने जपला आहे. त्या माधुकरीचा विचार फारसा होत नाही. बारा वर्षे पंचवटीतल्या घरांनी या मुलाच्या झोळीत भाकरी घातली. त्यानंतरची बारा वर्षे रामदास देशभर फिरले आणि १६४४ च्या सुमारास कृष्णाकाठी येऊन मठ, मारुती आणि बलोपासना यांच्या उभारणीला लागले. आधी एकांत, मग लोकांमधून भ्रमंती आणि शेवटी काम, हा क्रम त्यांच्या चरित्रात स्पष्ट आहे.

येथवरची उदाहरणे श्रद्धा पक्की करणाऱ्या एकांताची. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर याच परिसरातल्या एका स्त्रीच्या आयुष्यात वेगळे वळण दिसते. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरचा. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या झाल्या आणि काही वर्षे नातेवाइकांकडे राहिल्या. हा एकांत नव्हे, ताटातूट होती. घर मोडल्याचे दुःख आणि लोकांचे बोलणे दोन्ही त्यांनी सोसले. पण या अंतरातच त्यांना स्वतःच्या सोवळ्या-ओवळ्याकडे पाहता आले. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसांनी केलेला आहे, या निष्कर्षाला त्या नवऱ्याच्या उपदेशाने आल्या नाहीत, स्वतःच्या विचाराने आल्या. आणि मगच, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ मराठीतल्या सर्वांत प्रांजळ आत्मचरित्रांपैकी एक मानले जाते, त्याचे एक कारण हे की त्यात श्रद्धा बदलण्यापूर्वीची लक्ष्मी आणि नंतरची लक्ष्मी दोघींकडे सारख्याच मायेने पाहिलेले आहे. १९३६ मध्ये नाशिकलाच त्यांचे निधन झाले.

याच काळात नाशिकच्या तुरुंगात एका कैद्यावर सक्तीचा एकांत आला होता. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत शिक्षा झालेल्या साने गुरुजींनी ९ फेब्रुवारी १९३३ ला, गुरुवारी, ‘श्यामची आई’ लिहायला घेतले आणि १३ फेब्रुवारीला, सोमवारी सकाळी, ते पूर्ण केले. आईला जाऊन तेव्हा पंधरा वर्षे उलटली होती. कोकणातल्या पालगडचे ते घर, दारिद्र्य, आईचे संस्कार हे सगळे पाच दिवसांत एका ओघात उतरले, कारण ते मनात आधीच निवळून आलेले होते. पुस्तकात आईच्या श्रद्धेची थोरवी आहे आणि तिची मर्यादाही दिसते. डोक्यावरची मोळी पडलेल्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या म्हातारीला मदत करायला आई श्यामला पाठवते. मात्र त्याने नंतर आंघोळ करावी, असेही सांगते. लेखकाने हे लपवले नाही. पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. तुरुंगाच्या अंतरावरून दिसलेली आईची ममता त्यांनी आईच्या मर्यादेपलीकडे नेली, असे या दोन घटना शेजारी ठेवल्यावर म्हणता येते.

मंदिरप्रवेशाचा लढा नाशिकमध्ये त्याआधीच झाला होता. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो सत्याग्रही पाच वर्षांहून अधिक काळ झुंजले. दरवाजे उघडले नाहीत. त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ ला नाशिक जिल्ह्यातल्या येवला येथे भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी जाहीर केले, की हिंदू म्हणून जन्माला येणे आपल्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही. श्रद्धेपासून बाजूला होण्याचा इतका जाहीर आणि इतका विचारपूर्वक निर्णय महाराष्ट्राच्या इतिहासात दुसरा नाही. घोषणा एका दिवसात झाली, पण पुढचे पाऊल टाकायला त्यांनी एकवीस वर्षे घेतली. अनेक धर्मांचे नेते त्यांच्याशी बोलले, त्यांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. एक धर्म सोडणे आणि दुसरा स्वीकारणे यांच्या मधला हा काळ बहुतेक चरित्रांत दोन तारखांमधली रिकामी जागा म्हणून जातो. खरे तर सगळे तपासणे, पडताळणे त्याच काळात झाले. निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची रूढ कथा त्यांनी नाकारली. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्र घर सोडतो, हे त्यांना पटले नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला तंटा आणि त्यात युद्धाला सिद्धार्थाने केलेला विरोध, हे कारण त्यांनी पुढे ठेवले. जगाकडे पाठ फिरवून गेलेला बुद्ध त्यांना मान्य नव्हता.

या पार्श्वभूमीवर इगतपुरीकडे पाहावे लागते. नाशिक जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला, थळ घाटाच्या माथ्यावर हे रेल्वेचे गाव आहे. स्टेशनापासून थोड्याच अंतरावर, डोंगराच्या पायथ्याशी धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे. तिथे १९७६ पासून शिबिरे चालू आहेत. त्याचे संस्थापक सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ मध्ये म्यानमारमधल्या मंडालेचा, मारवाडी व्यापारी घराण्यातला. तरुण वयातच मोठा उद्योग हाती आला आणि सोबत अर्धशिशीही. मॉर्फीनशिवाय वेदना थांबेनात. १९५५ मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे सरकारचे महालेखापाल होते आणि फावल्या वेळात ध्यान शिकवत. केवळ डोकेदुखी जावी म्हणून येत असाल तर येऊ नका, असे त्यांनी गोयंकांना सांगितले. गोयंकांना स्वतःची वेगळी भीती होती: आपल्याला बौद्ध तर करणार नाहीत? दोघांच्या या अटी-शंकांनंतर त्यांनी पहिले शिबिर केले. १९६९ मध्ये, भारतात राहणाऱ्या आजारी आईला ही साधना शिकवण्यासाठी, ते मुंबईला आले. पहिले शिबिर ३ जुलै १९६९ ला मुंबईतल्या एका धर्मशाळेत झाले. साधक होते १४. सात वर्षांनी इगतपुरीचे केंद्र उघडले. गोयंकांचे निधन २०१३ मध्ये झाले. आज शिबिरांत त्यांच्या ध्वनिमुद्रित सूचना आणि प्रवचनेच वापरली जातात.

दहा दिवसांच्या शिबिराची रचना वर्षावासाच्या नियमांची आठवण करून देते. पहाटे चारला घंटा, साडेचारला ध्यान, साडेसहाला न्याहारी, अकराला जेवण. त्यानंतर नव्या साधकांना संध्याकाळी पाचला चहा आणि फळ, जुन्यांना तेही नाही. सातला प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. दहाव्या दिवसापर्यंत मौन. हातवारे आणि नजरेने बोलणेही वर्ज्य. फोन, पुस्तक, वही, पेन काहीच जवळ ठेवायचे नाही. पुरुष आणि स्त्रियांची राहण्याची व्यवस्था वेगळी. पहिले साडेतीन दिवस फक्त नैसर्गिक श्वासावर लक्ष, चौथ्या दिवसापासून शरीरावरच्या संवेदनांचे निरीक्षण, त्यानंतर दिवसातून तीनदा तासभर न हलता बसणे. गुडघा दुखतो, पाठ भरून येते, आणि साधकाला एवढेच करायचे असते की दुखण्याकडे, त्याचे काही न करता, पाहत राहायचे. शेवटी मंगलमैत्री, म्हणजे सर्वांविषयी सद्भावनेचे ध्यान.

श्रद्धेच्या दृष्टीने सर्वांत कठीण नियम दुसराच आहे. शिबिराच्या काळात साधकाने जप, माळ, पूजा, नमाज, उपवास, स्तोत्रे, धूप-दीप सगळे बाजूला ठेवायचे असते. सोडून द्या असे कोणी म्हणत नाही. दहा दिवस थांबवा, एवढेच. ज्या माणसाने आयुष्यात एकही दिवस देवपूजा चुकवली नाही, त्याला हे मौनापेक्षा अवघड जाते. पण याच नियमामुळे त्याला प्रथमच दिसते, की आपल्या श्रद्धेतला किती भाग सवयीचा होता, किती भीतीचा आणि किती खरा. परतल्यावर काही जण पूजा कमी करतात, काही जण ती जास्त समजून करतात. दोन्ही परिणाम प्रामाणिक असू शकतात. विपश्यनेचे मूल्य यांपैकी कशाने वाढते असे मानणे चूक ठरेल. तिचे मूल्य तपासण्याची संधी देण्यात आहे.

मानसशास्त्रालाही अंतराचे महत्त्व दिसले आहे. ईथन क्रॉस आणि ओझ्लेम आयडुक यांच्या प्रयोगांत असे आढळले, की त्रासदायक प्रसंग पुन्हा आठवताना माणसाने स्वतःला बाहेरून, तिऱ्हाइतासारखे पाहिले तर वेदना कमी उसळते आणि प्रसंगाचा अर्थ लावणे सोपे जाते. इगोर ग्रॉसमन आणि क्रॉस यांनी २०१४ मध्ये दाखवले, की दुसऱ्याच्या अडचणीत माणूस जितका शहाणपणाने विचार करतो तितका स्वतःच्या अडचणीत करत नाही. मात्र स्वतःच्या प्रश्नाकडे थोडे दुरून पाहायला सांगितले की ही तफावत जाते. प्रयोगशाळेतले हे अंतर काही मिनिटांचे असते आणि शिबिरातले दहा दिवसांचे. दोन्हींची सरळ तुलना करता येत नाही, पण दिशा एकच आहे.

आक्षेपही गंभीर आहेत आणि ते ऐकले पाहिजेत. दीर्घ मौन आणि तासन्‌तास ध्यान सर्वांना मानवत नाही. काहींना तीव्र अस्वस्थता येते, जुने आघात वर येतात. मनोविकाराचा इतिहास असलेल्यांना धोका अधिक. म्हणूनच गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी येऊ नये, असे केंद्राच्या नियमावलीतच सांगितलेले आहे आणि अर्जात आजार व औषधे विचारली जातात. ही माहिती लपवून जाणे म्हणजे स्वतःवर प्रयोग करणे. दुसरा आक्षेप आंबेडकरी चळवळीतल्या काही विचारवंतांचा: आत पाहायला शिकवणारी साधना माणसाला बाहेरच्या अन्यायाकडे पाहायचे विसरायला लावते. येवल्याच्या घोषणेचा जिल्हा आणि इगतपुरीचा जिल्हा एकच असल्याने हा प्रश्न इथे टाळता येत नाही. काळारामाच्या दारात उभे राहिलेल्या सत्याग्रहींना शांत मनाची गरज होतीच, पण त्यांना आधी दार उघडे हवे होते. संवेदना समतेने पाहणे आणि विषमता मुकाट सहन करणे यांत गल्लत करणारा साधक दोन्हीकडून चुकतो.

राहिला खर्चाचा प्रश्न. इगतपुरीत शिबिराचे, जेवणाचे, राहण्याचे शुल्क घेतले जात नाही. दान फक्त त्याच्याकडूनच स्वीकारले जाते ज्याने किमान एक शिबिर पूर्ण केले आहे. म्हणजे प्रत्येक साधकाचा खर्च त्याच्या आधी येऊन गेलेल्या अनोळखी माणसाने उचललेला असतो. स्वयंपाक आणि व्यवस्था पाहणारे सेवकही जुने साधकच, बिनपगारी. विणकर श्रेणींच्या व्याजाइतकीच ही व्यवस्था भक्कम ठरली आहे. पण जे दान भागवू शकत नाही ते दिवसांचे गणित आहे. रोजंदारीवरचा मजूर दहा दिवस बाजूला झाला तर घरची चूल अडते. आणि बहुसंख्य घरांत अशी एक बाई असते जिच्यावाचून घराचे पान हलत नाही, म्हणून तिला दहा दिवस काय, एक दुपारही सलग मिळत नाही. उषवदाताने वीस माणसांची तीन महिन्यांची सोय केली होती. ज्या वाचकांच्या घरी आई, पत्नी, बहीण किंवा सून असे कधीच बाजूला होऊ शकलेली नाही, त्यांनी या हिवाळ्यात तिच्या वाटणीचे काम दहा दिवस स्वतःकडे घ्यावे. ती इगतपुरीला जाईल, त्र्यंबकला जाईल की माहेरी जाऊन नुसती बसून राहील, ते तिचे तिने ठरवावे.